किती टक्के पडले?

जानेवारीच्या भिशीत हा प्रकार उघडकीला आला. बी विंगमधल्या वहिनी चेहरा पाडून आल्या, पर्स सोफ्यावर टाकली आणि म्हणाल्या, "आमचे काल रात्री थेट बावन्नवर आले गं." खोलीत सुतकी शांतता. त्यांचा धाकटा दहावीला, आणि पूर्वपरीक्षेचे पेपर त्याच आठवड्यात हातात पडलेले. एकीने त्यांचा हात दाबून "बोर्डात भरून काढेल हो" असा धीर दिला, दुसरीने गणिताच्या क्लासचा नंबर शोधायला फोन काढला. वहिनी आळीपाळीने सगळ्यांकडे बघत राहिल्या. "मुलाचे नाही गं! त्याला एक्क्याऐंशी आहेत, त्याचं काय मेलं? बॅटरीचे म्हणतेय मी. गाडीच्या!"

तिथून जे सुरू झालं ते साबुदाण्याची खिचडी गार होऊन गोळा झाली तरी संपलं नाही. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत, नाशकातल्या चांगल्या, सालस, वेळेवर मेंटेनन्स भरणाऱ्या घरांत हे लोण पोचलंय आणि आपल्याला गंधवार्ता नाही! लोक गाडीत घर थाटतात, ती धरणाच्या काठी नेऊन उभी करतात आणि रात्रभर तळहाताएवढ्या पडद्यावरचा आकडा बघत बसतात. चांदणं पडलेलं, समोर पाणी, गाडीत दोघंच, आणि बोलणं काय, तर "अहो, सदुसष्ट झालं." "मघाशी तर अडुसष्ट होतं!" आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी कानाला हात लावला. "आमच्या वेळी नवराबायको चोरून निराळं काही बोलायची," असंही पुटपुटल्या.

वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तसे सरळ माणूस. अंबडच्या एका कारखान्यात पॅनलबोर्डाच्या खात्यात नोकरी, घरी आल्यावर वरणभात आणि बातम्या. दीड वर्षापूर्वी त्यांनी जुनी ट्रॅव्हलर घेतली तेव्हा आम्हाला वाटलं, शाळेची ट्रिप लावणार असतील. पण मागच्या सीटा निघाल्या, पलंग आला, ओटा आला, टपावर चारशे वॉटचे सोलर पॅनल चढले, आरटीओचे कागद झाले, आणि पलंगाखाली, जिथे आपण जास्तीच्या गाद्या कोंबतो तिथे, लिथियमची बॅटरी विराजमान झाली. तिला रोज धूप दाखवत नाहीत एवढंच.

आता कुणी म्हणेल, हौस आहे, करू द्या. सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंच की! गाड्या उभ्या करायला खास जागा असाव्यात, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, असा त्यातला रीतसर विचार. पण नेमकी तीच तर गोम आहे. आमच्या ह्या मंडळींना वीज असलेली जागा चालतच नाही! जिथे प्लग आहे तिथे मुक्काम करणं ह्यांच्या जगात कमीपणाचं. त्याला हे 'ऑफ-ग्रिड' म्हणतात, आणि म्हणताना मान अशी ताठ करतात, की जणू हिमालयात तपाला बसले होते. होते कुठे? काश्यपी धरणावर. घरापासून तासाभरावर.

आणि हे आपण नाशिककरांनी करावं? 2005 नंतरची ती पाच-सात वर्षं विसरलो का? इथे एकलहऱ्याला 210 मेगावॉटचे तीन संच, राख आपल्या अंगावर, आणि वीज मात्र कधी येईल ते वेळापत्रक बघायचं. खेड्यांतून तर बारा-बारा तास अंधार. लग्नाच्या पत्रिकेबरोबर जनरेटरचंही ठरवावं लागे. दळण, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळं "लाईट कधी येणार" ह्या एका प्रश्नाला टांगलेलं. त्या भारनियमनाला आपण काय काय शिव्या घातल्या! आणि आज तेच लोक खिशातले लाखो रुपये घालून, डिझेल जाळून, चाळीस किलोमीटर लांब जाऊन स्वतःच्या हाताने स्वतःवर भारनियमन लादून घेतात. वर फोटो काढून पाठवतात.

तेव्हा महावितरणने अक्षय प्रकाश योजना काढली होती, आठवतं? सौदा साधा होता: संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी गावाने मोटारी, शेगड्या, गिरण्या लावायच्या नाहीत, तारांवर टाकलेले आकडे काढायचे, आणि त्या बदल्यात दिवे-पंखे चालू राहतील. अख्ख्या गावाने एकमेकांवर नजर ठेवायची. कुणी चोरून हीटर लावला की सगळ्यांचाच अंधार. तीच योजना आता भाऊजींच्या गाडीत चालू आहे. फरक इतकाच की गावची लोकसंख्या दोन, आणि दोघांचाही एकमेकांवर संशय. तेव्हा लोक तारेवर आकडा टाकत, आता आकड्यावर डोळा ठेवतात.

भिशीत खरा स्फोट झाला तो पैशांचा हिशेब निघाला तेव्हा. वहिनींच्या तोंडी सारखं "दोनशे एएच, दोनशे एएच." आमच्यातली एक निवृत्त गणिताची शिक्षिका आहे, तिने तिथल्या तिथे पेपर नॅपकिनवर मांडलं. दोनशे अँपिअर-तास गुणिले बारा पूर्णांक आठ व्होल्ट, म्हणजे दोन हजार पाचशे साठ वॉट-तास. आपल्या बिलाच्या भाषेत हजार वॉट-तासांचं एक युनिट. म्हणजे ती एवढी पूज्य बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात किती वीज? अडीच युनिट! घरी आपण पंचवीस-तीस रुपयांना घेतो तेवढी. "अगं, मिसळीची एक प्लेट ह्याहून महाग पडते!" कुणीतरी किंचाळलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हो, पण मिसळ जपून खावी लागत नाही." ह्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. आमच्यात मिसळ जपून खाणारं कोणी नाही.

त्या अडीच युनिटांसाठी घरात काय काय कायदे झालेत ते ऐकलंत तर पोलीस पाटीलही लाजेल. इंडक्शनची शेगडी तडीपार. का, तर ती दोन हजार वॉट मागते, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीतून तेवढं काढायचं म्हणजे पावणेदोनशे अँपिअरचा लोंढा. अर्धा तास भाजी शिजली की चाळीस टक्के खलास. स्वयंपाक गॅसवर. पाणी तापवायची किटली अर्ध्या सजेवर, कारण पाच मिनिटांत ती पाच टक्के पिते. म्हणजे पाहुणे आले तर चहा, एरवी नाही. एसीचं नाव काढायचं नाही. अर्ध्या टनाचा एसी रात्रभर लावायचा तर चार युनिटं लागतील, आणि आहेत अडीच. हेअर ड्रायर वहिनींनी एकदा चोरून नेला होता, तो परतीच्या वाटेवर सीटखाली सापडला. त्यावरून घोटीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही म्हणे.

पण मिक्सर? तो निर्दोष सुटला! आम्हाला तर वाटलं होतं, एवढा कंठशोष करतो तर पहिला बळी त्याचाच. पण सहाशे वॉटचा मिक्सर दोन मिनिटं फिरतो, वीस वॉट-तास घेतो, चटणी होते, विषय संपतो. एक टक्काही नाही. उलट तो छोटा गरीब फ्रिज, जो घूं करून बसलेला असतो, तो चोवीस तासांत अर्धं युनिट गिळतो. वहिनींचं तत्त्वज्ञान असं की घरात ओरडून मागणारा कमी खातो आणि न बोलता बसलेला जास्त. हे म्हणताना त्यांनी सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं, असं मला वाटलं. पण मी शपथेवर सांगणार नाही.

ह्या संप्रदायात दोन आखाडे आहेत. सिंहस्थात जसे शैव त्र्यंबकला आणि वैष्णव रामकुंडावर, तशी ह्यांची स्नानं वेगळी. एक आखाडा जुन्या शिशाच्या बॅटरीवाल्यांचा. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचची ट्यूब्युलर गाडीत टाकायची, डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि "आपलं जुनं ते सोनं" म्हणायचं. त्यांच्यात एक कडक व्रत: निम्म्याच्या खाली जायचं नाही. रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे कागदावर अठराशे वॉट-तास, हातात नऊशे. शिवाय वजन पन्नास किलोच्या वर, आणि चार्ज होताना वायू सोडते म्हणून बंद गाडीत तिला हवेशीर कोनाडा द्यावा लागतो. सासरच्या मानकऱ्यासारखी सरबराई.

दुसरा आखाडा लिथियमचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा. वजन निम्म्याहून कमी, आणि ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत खुशाल वापरा. पण ही सून फार धूर्त! जुनी बॅटरी दमली की तिचा व्होल्ट उतरत जातो. पावणेतेराजवळ असला तर भरलेली, बाराच्या जरा वर आला तर निम्मी. चेहऱ्यावर सगळं दिसतं. लिथियम मात्र नव्वद टक्क्यांना जो चेहरा करते, जवळजवळ तोच तीस टक्क्यांना. हसतमुख असते, असते, असते आणि मग एकदम अंधार. म्हणून तिच्या दाराशी शंट नावाचा हिशेबनीस बसवतात. किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले, सगळं तो मोजतो आणि त्यावरून टक्के सांगतो. वहिनी रात्री बघतात तो आकडा ह्या हिशेबनिसाचा.

थंडीचाही एक मुद्दा भिशीत गाजला. लिथियमला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं. झालं! निफाडकडच्या एकीने लगेच गळा काढला, "अगं बाई, आमच्याकडे पारा चार-पाचवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. बॅटरीला काय स्वेटर विणायचा?" तिची समजूत काढावी लागली की चार-पाच म्हणजे शून्य नव्हे, आणि आपल्याकडे बॅटरीला भीती जानेवारीची नसून मे महिन्याची. चाळिसाच्या उन्हात बंद गाडी उभी केली की पलंगाखाली भट्टी होते, आणि उष्णता बॅटरीचं आयुष्य हळूहळू खाते.

एवढं ऐकल्यावर चौकशीसाठी म्हणून, निव्वळ समाजहितासाठी, मी त्यांच्याबरोबर एक मुक्काम करायचं ठरवलं. आमचे हे घरीच राहिले. "मला प्लग लागतो," एवढंच म्हणाले. आम्ही गेलो वैतरणेच्या पाणलोटाला. पोचल्याबरोबर पहिलं भांडण सावलीवरून. वहिनींना गाडी आंब्याखाली हवी, भाऊजींना उघड्या माळावर. मी मध्यस्थी करत म्हटलं, अर्धी सावली, अर्धं ऊन घ्या. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवळात चपला घालून आले. पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात; एका फांदीची सावली काही सेलवर पडली की त्या ओळीचा मोठा हिस्सा बसतो. पाइपला एका जागी पाय दिला की पाणी सगळीकडचं कमी होतं, तसं. आम्ही माळावर उन्हात बसलो. पॅनल आरामात, आम्ही घामात.

स्वच्छ जानेवारीत ते पॅनल दिवसाला दीड युनिटाच्या आसपास देतात, खर्च साधारण एक युनिटाचा, म्हणजे हिवाळ्यात संसार नीट चालतो. पावसाळ्यात ह्याच इगतपुरी तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, ढग दिवसचे दिवस हटत नाहीत, तेव्हा पॅनल पाव हिस्सासुद्धा कमवत नाहीत. मग भाऊजी काय करतात? "जरा त्र्यंबकला दर्शन घेऊन येतो," म्हणून गाडी काढतात. भक्ती वगैरे काही नाही हो! इंजिन चालू असलं की एका यंत्रातून घरच्या बॅटरीत तासाला तीस अँपिअर-तास पडतात, म्हणजे पंधरा टक्के. एवढ्यासाठी हा माणूस दोन तास डिझेल जाळतो. महादेवाला सगळं ठाऊक आहे, पण तो बोलत नाही.

संध्याकाळी पाड्यावरचे एक बाबा गुरं घेऊन निघाले होते, ते थांबले. "गाडी बंद पडली का?" म्हणाले. नाही, मुक्कामाला आलोय, असं सांगितलं. त्यांनी टपावरचे पॅनल बघितले, आतला मिणमिणता पिवळा दिवा बघितला आणि फार मायेने म्हणाले, "मग अंधारात कशाला बसता? वर पाड्यावर चला की. आता लाईट हाय तिथं." वहिनी लाजून लाल झाल्या. भाऊजींनी ऑफ-ग्रिड म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "आमी लई वरसं व्हतो तसं." हा शब्द मला अजून टोचतो, पण भाऊजींना टोचला की नाही, माहीत नाही, कारण तेवढ्यात फ्रिज सुरू झाला आणि त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

रात्री जेवताना भाऊजी खुलले. म्हणाले, "आपण बसलोय त्या धरणाच्या पाण्यावर साठ मेगावॉटचं वीज केंद्र आहे." आणि आम्ही पाच वॉटच्या दिव्यात भाकरी मोडत होतो! पुढे म्हणाले, "आणि तिकडे भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरला तर अख्खा डोंगरच बॅटरी आहे." मला वाटलं, चढली ह्यांना. पण खरंच आहे. घाटघरचा उदंचन प्रकल्प, अडीचशे मेगावॉटचा, 2008 पासून चालू. विजेची मागणी नसते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी कड्याखाली सोडून वीज काढायची. चढवायला जेवढी लागते त्याहून परत कमीच मिळते, तरी करायचं. कारण पहाटे तीनची वीज आणि संध्याकाळी सातची वीज ह्यांची किंमत सारखी नसते. म्हणजे भाऊजी पलंगाखाली जे करतात तेच राज्य सह्याद्रीत करतं. मी विचारलं, "त्यांची बायको पण रात्री उठून टक्के बघते का?"

आणि मग ती सकाळ उजाडली. चौऱ्याहत्तरवर निजलो होतो, फ्रिजचे धरून सकाळी सदुसष्ट अपेक्षित. पडद्यावर एकोणसाठ! आठ टक्के गायब. साडेसहाला, तोंड न धुता, पंचनामा सुरू. पंप बघितला, दिवे बघितले, वहिनींची बॅग हेअर ड्रायरसाठी तपासली गेली, तीही माझ्यासमोर. त्या बिचाऱ्या निर्दोष निघाल्या. मग भाऊजींची नजर माझ्या उशाशी गेली. तिथे माझा फोन, आपल्या तीन पिनांच्या चार्जरवर, शांत झोपलेला.

मी म्हटलं, फोन असा किती खाणार? "फोनने खाल्ला एक टक्काही नाही," भाऊजी म्हणाले, आणि त्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. तीन पिनांसाठी मी इन्व्हर्टरचं बटण दाबलं होतं आणि बंद करायला विसरले होते. इन्व्हर्टर म्हणजे बारा व्होल्टचे दोनशे तीस करणारा. काम असो नसो, नुसता जागा राहण्याचे तो पंचवीस वॉट घेतो. आठ तास गुणिले पंचवीस, दोनशे वॉट-तास, आठ टक्के. शेजारीच यूएसबीचं भोक होतं, त्यात वायर खोचली असती तर इन्व्हर्टर लागलाच नसता. मी चोर निघाले! समाजहिताच्या चौकशीला गेलेली बाई, आणि मुद्देमाल तिच्याच उशाशी. परतताना घोटीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

घरी आले आणि त्या रात्री झोप लागेना. अंधारात दिवाणखान्यात लाल ठिपका दिसला: सेट-टॉप बॉक्सचा. टीव्ही बंद, तो जागा. पलीकडे मायक्रोवेव्हचं घड्याळ. वायफायचा डबा. कोणी काही मागत नाही, नुसते बसून खातात. दुसऱ्या दिवशी मी प्लगमध्ये खोचायचा छोटा मीटर मागवला. सेट-टॉप बॉक्स बारा वॉट, चोवीस तास, बाराही महिने. वर्षाला शंभर युनिटांच्या वर! भाऊजींच्या बॅटरीसारख्या चाळीस बॅटऱ्या हा काळा डबा कोणाला न सांगता पिऊन टाकतो, आणि मी त्या बिचाऱ्यांना हसत होते. रात्री दोन वाजता मी त्याची पिन उपसताना ह्यांनी मला पकडलं. "काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, तुम्ही झोपा." नवऱ्याला काय सांगणार? गीझरला मी टायमर लावला, जुने पंखे काढून तीस वॉटवाले बसवले, आणि बिल आलं त्या दिवशी ते उघडताना माझे हात कापत होते.

मार्चच्या भिशीला मी उशिरा पोचले. धाप लागलेली, चेहरा फुललेला. पर्स टाकता टाकता म्हटलं, "अगं, आमचं एकशे ऐंशीचं थेट एकशे साठवर आलं!"

खोलीत शांतता. शिक्षिकेने माझा हात हातात घेतला. थोरल्या काकूंनी समोरची जिलबी हळूच माझ्यापासून लांब सरकवली आणि आवाज खाली करून विचारलं,

"उपाशीपोटीची, की जेवणानंतरची?"